दाराबाहेरची दोन वाक्यं

सामना संपला की प्रेक्षक घरी जातात, खेळाडू घरी जातात, आणि जो सामना त्यांच्या अंगाला चिकटून आलेला असतो तो धुवायला माझ्याकडे येतो. कुवेतच्या एका फुटबॉल क्लबात मी सोळा वर्षं हे काम केलं. कामाचं नाव किटमॅन. गावी बायकोला हे नाव काही केल्या सांगता येईना, म्हणून ती विचारणाऱ्याला "ते थय खेळाचा सामान सांभाळतत" असं सांगून मोकळी व्हायची. ते काही खोटं नव्हतं.

मी मूळचा शिंपी. देवगडजवळच्या गावातून, आखाती युद्धानंतर दोनेक वर्षांनी, तिथे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात टेलर म्हणून गेलो. आमच्या कारखान्यात या क्लबाच्या जर्सींचे नंबर शिवायला येत. एकदा ऐन सामन्याच्या दिवशी त्यांच्या गोलकीपरच्या पाठीवरचा एकाचा आकडा निम्मा उसवला, तेव्हा मला मशीनसकट उचलून नेलं. मी दहा मिनिटांत शिवून दिला आणि मग त्यांनी मला परत पाठवलंच नाही. खेळाडू मला 'खय्यात' म्हणत. अरबीत शिंप्याला खय्यात म्हणतात. माझं दत्ताराम हे नाव त्यांच्या जिभेवर बसलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं किटमॅन म्हणजे धोबी. तसं नाही. सामन्याआधी तीन तास जायचं. प्रत्येकाच्या खुंटीवर जर्सी लावायची ती नंबर बाहेर करून, खाली चड्डी, त्याखाली मोजे, खाली बूट. गोलकीपरचे हातमोजे एकावर एक ठेवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे. एकावर एक ठेवले की गोल बसतात असा त्याचा ठाम समज. ब्राझीलहून आलेल्या एका फॉरवर्डला बुटाच्या आत अर्धं लिंबू चोळून हवं असे. एक कोच सामना हरला की माझ्या धुण्याच्या खोलीत येऊन मशीनसमोर स्टुलावर बसायचा आणि फिरणारे कपडे बघत राहायचा. मी त्याला चहा द्यायचो. आम्हांला एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

रक्ताचा डाग गार पाण्यात, गवताचा डाग वेगळा, हे कुणीही शिकेल. कपड्यांवरून सामना वाचता येतो, हे शिकायला मला चारेक वर्षं लागली. बचावपटूच्या कॉलरला मागून ताण बसलेला असला तर समजावं, तो पुढे धावला आणि मागून ओढला गेला. ज्याची जर्सी पहिल्या घडीसारखी परत आली तो खेळलाच नाही, मग दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं कितीही कौतुक येवो. या माझ्या विद्येचा मला भारी अभिमान होता. कुवेतात ही विद्या एकट्या दत्तारामला येते, अशा समजात मी होतो. मग अनघा आली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर एक लांब कॉरिडॉर होता, त्याच्या टोकाला माझी धुण्याची खोली. सामना संपला की दहा-बारा वार्ताहर सरळ ड्रेसिंग रूममध्ये घुसत. आत खजूर, गहवा, म्हणजे तिकडची वेलचीची कॉफी, आणि खेळाडूंच्या गप्पा. त्या दिवशी त्यांच्या मागोमाग एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची, खांद्याला झोळी, हातात वही. दाराशी उभ्या माणसाने हात आडवा केला. तिने इंग्रजीत काहीतरी सांगत वार्ताहराचं कार्ड दाखवलं. त्याने मान हलवली. दार लागलं.

हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच कधी पडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही तो रास्त वाटला. आत पुरुष कपडे बदलतात, बाईमाणसाचं तिथे काय काम, असंच मी त्या वेळी मनात म्हणालो.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. पाऊण तास गेला. मी मोज्यांची टोपली घेऊन जाताना ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "कंटाळा आला बाई." मी थबकलो.

"मराठी गो तू?"

तिला हसू फुटलं. वडील पुण्याचे, शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनियर, घर मंगफ नावाच्या वस्तीत. ती वाढली कुवेतात, शिकली पुण्यात, आणि आता तिकडच्या एका इंग्रजी पेपरच्या खेळाच्या पानावर तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती.

"बाय, आत जावक देवचे नाय तुका," मी शहाणपण सांगितलं. "कित्याक उभी रवतंस?"

"काका, मला आत जायचंच नाहीये," ती म्हणाली. "उघडी माणसं बघायची कोणाला हौस आलीये? मला फक्त दोन वाक्यं हवीत. कपडे घालून बाहेर आले, दोन वाक्यं बोलले, की मी घरी. पण ते मागच्या दाराने गाडीत बसून जातात. आणि आमचे एडिटर म्हणतात, खेळाडूचं वाक्य नसेल तर ती बातमी कसली? तीन महिन्यांत वाक्यं आणली नाहीत तर पान दुसऱ्याला."

मी म्हटलं, मग दुसरं काही लिही. ती म्हणाली, "दुसरं मला काही येत नाही." हे ती अगदी सहज म्हणाली. मलाही शिवणाखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

मग तिने विचारलं, "काका, सहा नंबरने हाफटाइमला बूट बदलले ना?"

बदलले होते. मीच बदलून दिले होते, आणि बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही बूट काळे, एकाच कंपनीचे, फक्त खालचे खिळे वेगळे.

"तुका कसा कळला?"

"पहिल्या हाफमध्ये तो वळताना दोनदा घसरला. दुसऱ्या हाफमध्ये घसरला नाही, पण थांबायला त्याला एक पाऊल जास्त लागत होतं." तिने वही पुढे केली. पानभर मैदानाचे छोटे छोटे चौकोन, त्यांत बाण, आकडे, मिनिटं. नव्वद मिनिटांत कोण कुठे होता ते सगळं त्यात होतं. मी धुतलेल्या कपड्यांवरून जे दुसऱ्या दिवशी वाचायचो, ते ही मुलगी शंभर हातांवरून, अंगात असलेल्या कपड्यांवरून, त्याच वेळी वाचत होती. मी थक्क होऊन त्या पानाकडे बघत राहिलो. माझ्या हातातली टोपली जड आहे हेही मी विसरलो.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला ती त्या भिंतीशी उभी असे. तास, सव्वा तास. कधीमधी कुणी राखीव खेळाडू जाता जाता एखादं वाक्य टाकून जाई, तेवढ्यावर तिने तीन महिने निभावले आणि नोकरी टिकवली. पण आतल्यांना तिचं उभं राहणं खुपायला लागलं. एकदा दार किलकिलं झालं आणि आतून एक ओला, वापरलेला टॉवेल तिच्या पायांवर येऊन पडला. आत हशा झाला. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. ती वाकली, टॉवेल उचलला, झटकला, चौपदरी घडी घातली आणि माझ्या टोपलीत आणून ठेवला.

"काका, हा तुमचा."

आणि परत जाऊन भिंतीला टेकून लिहायला लागली. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कितीतरी नावाजलेले खेळाडू जवळून पाहिले, पण असा ताबा मी कुणाच्या अंगी पाहिला नाही. तो नियम रास्त आहे असं मला त्या दिवसानंतर वाटलं नाही. मात्र बोललो कुणाशीच नाही. आमच्यासारख्या माणसाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मालकाच्या हातात असतो. तोंड उघडण्याआधी तो आठवतो.

आता मोज्याची गोष्ट.

आमच्या संघात अकरा नंबरला फहद नावाचा मुलगा होता. वीस वर्षांचा, उजव्या पायाचा जादूगार. कप स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटच्या वीस मिनिटांत त्याच्या उजव्या घोट्यावर कुणीतरी पडलं. तो उठला, खेळला, आम्ही जिंकलो. आत आल्यावर बूट कसाबसा निघाला, पण मोजा निघेना, इतका घोटा सुजला होता. मग मसाजवाल्याने कात्री घेतली आणि मोजा वरून टाचेपर्यंत सरळ कापला. आमचे मॅनेजर, ज्यांना तिकडे मुदीर म्हणतात, तिथेच उभे होते. फायनल पाच दिवसांवर. मुदीरांनी दार लावायला सांगितलं आणि सगळ्यांना बजावलं की अकरा नंबरला थोडा ताप आहे, एवढंच बोलायचं. पायाला घट्ट पट्टी बांधली, सुई टोचली. मग दार उघडलं. वार्ताहर आत आले, खजूर खाल्ले आणि 'थोडा ताप' लिहून घेऊन गेले.

खोली झाडताना केराच्या डब्यात तो मोजा मला दिसला. जवळजवळ नवा, निळा, दुसऱ्यांदाच वापरलेला. आता शहाण्या माणसाने तो तिथेच राहू दिला असता. पण मी शिंप्याच्या घरचा. आमच्या घरात चिंधीसुद्धा फेकत नसत. मी मोजा उचलला, धुतला आणि वरपासून टाचेपर्यंत शिवून काढला. निळा दोरा संपला होता म्हणून पांढरा वापरला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या मोज्यांबरोबर मागच्या भिंतीच्या दोरीवर वाळत घातला. शिंपीकाम धरून आयुष्यभराच्या कामात माझ्याकडून झालेली सगळ्यांत मोठी चूक ती हीच. ती चूक शिंप्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून झाली नसती.

त्याच सकाळी अनघा मुदीरांची भेट मागायला आली होती. तिला मागच्या आवारात थांबायला सांगितलं होतं, तिथे दोरीवर मोजे वाळत होते. मी चिमटे लावत होतो. ती बोलता बोलता दोरीपाशी आली आणि गप्प झाली. मी वळून बघितलं तर ती त्या पांढऱ्या शिवणीसमोर उभी.

"काका, हा मोजा कसा फाटला?"

"मोजे काय, फाटतत."

"फाटला असता तर वाकडातिकडा फाटला असता," ती हळूच म्हणाली. "हा कापलाय."

प्रत्येक मोज्याच्या तोंडाशी आतून मी शाईने खेळाडूचा नंबर घालत असे. वाऱ्याने मोजा उलटला. अकरा. तिने आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चिमटा हातात धरून उभा राहिलो. तिने आणखी एकही प्रश्न विचारला नाही. "येते काका," म्हणाली आणि मुदीरांना न भेटताच गेली. मी मोजा घाईघाईने काढून खिशात कोंबला, पण बैल गेला नि झोपा केला तशातली गत.

तिसऱ्या दिवशी तिच्या पेपरात तिच्या नावाने मजकूर आला. मला इंग्रजी अडखळत वाचता येतं. त्या दिवशी मी एकेक अक्षर लावून सगळा वाचला. मोज्याचा त्यात शब्द नव्हता. तिने फक्त स्टँडमधून जे दिसलं ते लिहिलं होतं. सत्तराव्या मिनिटानंतर अकरा नंबर उजवा पाय टाचेवर टेकतो आहे, चवड्यावर नाही. कॉर्नर घ्यायला तो गेला नाही, एरवी नेहमी जातो. शेवटी लिहिलं होतं की ताप घोट्यात येत नाही, आणि या मुलाच्या उजव्या घोट्याचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नये.

फहदच्या थोरल्या बहिणीने ते वाचलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने भावाला गाडीत घातलं आणि सरळ हॉस्पिटलात नेलं. हाडाला चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, या पायावर फायनल खेळला असता तर पुन्हा कधी खेळता आलं नसतं. फहद फायनलला बाहेर बसला आणि आम्ही फायनल हरलो.

मग क्लबात शिमगा झाला. आतली गोष्ट बाहेर गेली कशी? एका वार्ताहराने सांगून टाकलं की सेमीफायनलच्या दिवशी ती मुलगी ड्रेसिंग रूममध्ये शिरली होती, त्याने स्वतः पाहिलं. झालं. फायनल हरल्याचं राहिलं बाजूला, आणि एक बाई पुरुषांच्या खोलीत शिरली याचीच चर्चा सुरू झाली.

मुदीरांच्या खोलीत बोलावणं आलं. मुदीर, तिच्या पेपरचे एडिटर, अनघा आणि मी. मुदीर माणूस वाईट नव्हते. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला न मागता रजा दिली होती. पण त्या दिवशी त्यांच्या पोटात फायनल होती. त्यांनी तिला विचारलं, तुला घोट्याचं कळलं कसं?

"मी स्टँडमधून पाहिलं," ती म्हणाली.

मुदीर हसले. "बारा वार्ताहर तिथेच बसले होते. त्यांना दिसलं नाही?"

"ते त्यांना विचारा."

"तू आत गेली होतीस."

"नाही."

आता तिने फक्त एवढं म्हणायचं होतं की तुमच्या खय्याताने शिवलेला मोजा दोरीवर होता. तिच्यावरचा डाग तिथल्या तिथे धुऊन निघाला असता, आणि मी त्या आठवड्यात विमानात असतो. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग नजर मुदीरांकडे वळवली आणि म्हणाली, "याहून जास्त मला काही सांगायचं नाही."

मुदीर माझ्याकडे वळले. माझ्याशी ते मोडकं हिंदी बोलत. "खय्यात, तू बाजू के कमरे में था. तू बोल. ये बिंत अंदर आया?" बिंत म्हणजे मुलगी.

अरबीत 'नाही'ला 'ला' म्हणतात. एक अक्षर. तोवरच्या वर्षांत मी ते हजारदा बोललो असेन. साखर हवी का, ला. इस्त्री झाली का, ला. त्या दिवशी तेच मला म्हणता येईना. 'ला' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग हिला कळलं कसं, आणि तो प्रश्न माझ्या खिशापर्यंत येणार. मोजा अजून माझ्या खिशातच होता.

"अना मा शुफ्त," मी म्हणालो. म्हणजे, मी पाहिलं नाही.

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते खोट्याहून वाईट होतं. जे घडलंच नाही ते मी पाहणार कसा? पण खोलीतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ एकच लागला, की खय्यात तिला पाठीशी घालत नाही, म्हणजे पाणी मुरतंय. मुदीरांनी तिचं वार्ताहराचं कार्ड टेबलावर ठेवून घेतलं. एडिटरांनी तिला खेळाच्या पानावरून काढून जहाजांच्या आणि नमाजाच्या वेळा लावायच्या टेबलावर बसवलं. बाहेर पडताना ती माझ्या जवळून गेली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती फक्त म्हणाली, "येते काका." दोरीपाशी म्हणाली होती तशीच.

पुढचा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्याला मी पाण्याच्या बाटल्या मांडत होतो, सहज वर नजर गेली, तर फॅमिली स्टँडच्या वरच्या रांगेत अनघा. तिकीट काढून आली होती. मांडीवर वही. त्या सामन्याचं ती काहीच छापू शकणार नव्हती, तरी चौकोन काढत होती, बाण काढत होती. तिने मला पाहिलं आणि नेहमीसारखा हात वर केला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या सामन्याला तीच जागा, तीच वही. धुळीच्या वादळात निम्मं स्टँड उठून गेलं तेव्हाही ती ओढणी तोंडाला गुंडाळून बसली होती. माझ्या मनात तिच्याबद्दल जे होतं त्याला आदर हा शब्द पुरा पडत नाही. देवळात गेल्यावर आपण उगाच आवाज खाली आणतो ना, तसं मला तिच्याकडे बघताना व्हायचं.

फहदचा पाय जुळायला दहा महिने लागले. परतल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. वार्ताहर ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याभोवती गोळा झाले. फहदने शांतपणे कपडे केले, पायांत चपला अडकवल्या, आणि ओल्या केसांनी उठून कॉरिडॉरमध्ये आला. मला विचारलं, "खय्यात, वेन अल-बिंत?" ती मुलगी कुठे आहे?

मी वर बोट दाखवलं. तो म्हणाला, जा, घेऊन ये, मी इथे उभा आहे. मी जे बोलायचं ते इथेच बोलेन.

मुदीर दारातच उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पन्नाशी उलटलेला मी, पायऱ्या दोन-दोन चढत गेलो.

"बाय, चल. तुका बोलवतत."

"काका, मला कार्ड नाहीये."

"कॉरिडॉरात कार्ड लागणा नाय."

ती आली. फहद तिच्यासमोर उभा राहिला. मागे बारा वार्ताहर, आपली गहव्याची भांडी आत सोडून आलेले. मला वाटलं, ती आधी त्याचे आभार मानेल, किंवा तो तिचे. तिने वही उघडली आणि विचारलं, "तेराव्या मिनिटाला उजव्या पायावर बॉल आला होता. तू डाव्याने का मारलास?"

फहदने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मला अजून त्या पायाची भीती वाटते."

त्या बाराजणांपैकी एकानेही हे विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तरी तो त्यांना हे बोलला नसता. ती लिहीत होती, आणि बारा माणसं तिच्या मागे उभं राहून तेच लिहून घेत होती.

त्यानंतर फहद आत कधी बोललाच नाही. हळूहळू बाकीचे खेळाडूही बाहेर यायला लागले. मोकळ्या हवेत बरं वाटतं म्हणत. मी तिथे एक बाक आणून ठेवला. दोन महिन्यांत तिचं कार्ड परत आलं, पान परत आलं. कुणी निर्णय जाहीर केला नाही. जसा पहिला नियम कुठे लिहिलेला नव्हता, तसा हाही नाही.

पण डाग राहिला. मी डागांमधला माणूस, मला कळतो. पुढे कितीतरी वर्षं, ती पानाची प्रमुख झाली तरी, कुणी नवा वार्ताहर आला की जुना त्याच्या कानात कुजबुजे, ही ती, ड्रेसिंग रूममध्ये शिरली होती ती. थट्टाच असायची. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मंगफला कुणीतरी तेच तिच्या होणाऱ्या सासूच्या कानावर घातलं, हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. लग्न झालं, चांगलं झालं. पण तिच्या आईला चार माणसांत खाली बघावं लागलं, आणि त्याला कारण मी. दर वेळी मला वाटे, आज सांगू. दर वेळी इकामा आठवे. मग मुलीचं शिक्षण आठवे, मग घराचं छप्पर. माणसाला गप्प राहायला कारणं कमी पडत नाहीत.

शेवटी मी निवृत्त झालो. क्लबाने त्याच कॉरिडॉरमध्ये छोटा निरोप समारंभ केला. खजूर, गहवा, एक घड्याळ. फहद आता कॅप्टन होता, त्याने मला मिठी मारली. मुदीर आता म्हातारे झाले होते, बाकावर बसून होते. अनघा आली, झोळी तीच किंवा तसलीच. मुलगी आणली होती बरोबर, चार वर्षांची; ती आईला इंग्रजीतून विचारत होती की हे आजोबा कोणत्या नंबरला खेळायचे.

अनघाने वही काढली. "काका, उद्या पानावर तुमची छोटी बातमी घेणारे. दोन वाक्यं द्या."

लोक हसले. मी हसलो नाही. परवाना आता कुणाच्या हातात नव्हता, तिकीट माझ्याच खिशात होतं.

"लिव," मी म्हणालो. "ती त्या दिवशी आत येवक नाय."

तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती वार्ताहर होती. तिने विचारलं, "कशावरून म्हणता?"

मी पिशवीतून मोजा काढला. निळा, वरून टाचेपर्यंत पांढरी शिवण. फहदने तो हातात घेतला, तोंडाशी उलटवून शाईतला अकरा बघितला आणि मुदीरांच्या हातात दिला. मुदीरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. काही वार्ताहर त्या वेळचेच होते, ते आपल्या बुटांकडे बघत होते.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" अनघाने विचारलं.

"मी भियालंय, म्हणान सांगूक नाय."

तिने ते लिहिलं. खाली रेघ मारली. "झाली दोन," ती म्हणाली, आणि मग वही मिटून माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही. खरं तर मीच वाकायला हवं होतं. तेवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी पेपर घेतला. खेळाच्या पानावर खाली उजवीकडे माझा फोटो होता, फोटोखाली तिचं नाव. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. दोन्ही वाक्यं छापली होती. तिने एकही शब्द गाळला नव्हता, दुसऱ्यातलासुद्धा नाही.